आडनावावर बंदी

प्रश्न : माझी मुलगी स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगला असते. तिच्या शेजारच्या आजींचं आडनाव मॅकग्रेगर. त्या सांगतात, ‘आमच्या आडनावावर राजानं बंदी घातली होती, नाव लावलं तर मरणाची शिक्षा.’ हे खरं का? आणि त्यांचा क्लॅन म्हणजे आपलं कूळच ना?
– एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : आजी अगदी खरं सांगतायत. पण आधी क्लॅनचं बघू. गेलिक भाषेत ‘क्लान’ म्हणजे मुलंबाळं, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरची लेकरं. तरी हे आपल्यासारखं कूळ नव्हे. आपल्यात एका कुळात सोयरीक होत नाही, त्यांच्यात होई. शिवाय सरदाराच्या आश्रयाला आलेली, रक्ताचं नातं नसलेली माणसंही त्याचंच नाव लावत.

‘आमचं कूळ राजाचं’ हे त्यांचं ब्रीद. नवव्या शतकातल्या आल्पिन राजापर्यंत ते आपली वंशावळ नेतात. मला ते पटत नाही. चौदाव्या शतकातल्या ग्रेगर नावाच्या सरदाराच्या मागे कागदपत्रांची साखळी जुळत नाही.

खरं दुखणं जमिनीचं. ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे या खोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या राहिले मॅकग्रेगर, आणि सनदा गेल्या शेजारच्या कॅम्पबेल क्लॅनच्या हातात. पायाखालची जमीन गेल्यावर तलवार आणि दुसऱ्यांची गुरं पळवणं, एवढंच उरलं. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनला त्यांनी कहून क्लॅनची मोठी कत्तल केली. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस स्कॉटलंडचा सहावा जेम्स राजा लंडनच्या गादीवर बसायला निघायच्या तयारीला लागला. ५ एप्रिलला त्यानं एडिनबरो सोडलं. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिलला, मॅकग्रेगर हे नावच रद्द झाल्याचा हुकूम निघाला. नाव सोडा, नाहीतर मरा. सरदार अलास्डेरला पुढच्या जानेवारीत एडिनबरोत फाशी दिली. चारापेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही, जवळ हत्यार म्हणून जेवणापुरती, टोक नसलेली सुरी ठेवायची, असेही हुकूम आले. ती बोथट सुरी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माणसाला रोज ताटावर बसताना आठवण करून द्यायची, की तू कोण राहिलेला नाहीस!

मग कोणी मरे झाले, कोणी ड्रमंड, कोणी तर चक्क कॅम्पबेल. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली, आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. स्कॉटलंडचा प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर या दुसऱ्या बंदीतला. कागदोपत्री तो आईचं कॅम्पबेल हे नाव लावी. बॅलव्हिडरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. मी गेले तेव्हा पाऊस होता, दगडावर लोकांनी ठेवलेली नाणी भिजत होती. तिथे कोरलंय : ‘त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर’. स्टर्लिंगहून फार लांब नाही. मुलीनं आजींना घेऊन जावं.

तुम्ही शिरपूरच्या, म्हणून एक सांगायलाच हवं. तुमच्या थाळनेरच्या किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज फौज चालून गेली, तेव्हा दरवाजातल्या झटापटीत या क्लॅनच्या सरदाराचा मुलगा एव्हन मरे जबर जखमी झाला. त्यानंतर इंग्रजांनी आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फासावर लटकवलं. ज्यांच्या पूर्वजांनी राजाचा सूड भोगला, त्यांचाच वंशज इथे दुसऱ्या राजाच्या फौजेत होता, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. याच एव्हननं १८२२ मध्ये राजाच्या परवानगीनं मरेपुढे मॅकग्रेगर हे नाव रीतसर जोडून घेतलं.

बंदीच्या काळात आपल्या घराण्यानं कोणतं आडनाव लावलं होतं, हे त्या आजींना विचारायला सांगा. पुष्कळ घरांत ते अजून सांगतात. कळलं तर मलाही जरूर लिहा.