तक्रार आधीच नोंदली गेली आहे का, हे कसे शोधावे?

प्रश्न : मी वापरत असलेल्या एका मुक्तस्रोत टर्मिनलमध्ये (कमांड टंकण्याच्या खिडकीत) मराठी मजकुराच्या मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात. हा प्रकल्प गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर असल्याने, दोष आधी कोणी कळवला आहे का हे पाहण्यासाठी मी ‘जीएच’ या गिटहबच्या साधनातील ‘जीएच इश्यू लिस्ट’ ही कमांड चालवली. त्या यादीत माझा विषय नव्हता, म्हणून मी नवा इश्यू (दोषाची नोंद) लिहिला. परंतु तो लगेच ‘डुप्लिकेट’ ठरवून बंद करण्यात आला. माझ्या शोधात काय राहून गेले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण दोष कळवण्यापूर्वी शोध घेतलात, हे योग्यच केलेत. अडचण कमांडच्या मूळ मांडणीत आहे. ‘जीएच इश्यू लिस्ट’ला वेगळे काही सांगितले नाही, तर ती केवळ उघडे इश्यू दाखवते आणि तेही अलीकडचे 30. जुन्या प्रकल्पात हजारो इश्यू असतात आणि त्यांतील बहुसंख्य बंद झालेले असतात. आपल्याला हवी असलेली चर्चा बहुधा त्या बंद इश्यूंमध्येच असते, कारण एखादा दोष वारंवार कळवला गेला की मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) एक इश्यू मुख्य मानून बाकीचे बंद करतात.

त्यामुळे या कमांडला तीन गोष्टी जोडाव्यात : ‘--स्टेट ऑल’, म्हणजे उघडे आणि बंद असे दोन्ही इश्यू येतील, ‘--लिमिट 200’, म्हणजे यादी तिसावर थांबणार नाही, आणि ‘--सर्च’च्या पुढे अवतरणचिन्हांत शोधशब्द. (येथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्याव्यात.) प्रकल्पाचा कोड आपल्या संगणकावर उतरवलेला नसेल, तर ‘--रेपो’ लिहून त्यापुढे मालकाचे नाव, तिरपी रेघ आणि प्रकल्पाचे नाव द्यावे. सरावासाठी ‘सीएलआय/सीएलआय’ हा प्रकल्प घेता येईल. ‘जीएच’चा स्वतःचा कोड आणि त्याचे इश्यू तेथेच आहेत.

याहून सोयीची कमांड म्हणजे ‘जीएच सर्च इश्यूज’. स्थिती सांगितली नाही, तर ती उघडे-बंद असा भेद करत नाही, आणि ‘--रेपो’ गाळल्यास एका प्रकल्पापुरती मर्यादितही राहत नाही. मात्र तिचीही यादी मुळात 30 पुरतीच असते, आणि गिटहब एका शोधाचे 1000 पेक्षा जास्त निकाल देत नाही. निकाल फार आले, तर ‘--मॅच टायटल’ लावून शोध शीर्षकापुरता ठेवावा. एखादे लेबल (इश्यूला लावलेली वर्गवारीची खूण) वगळायचे असेल, तर लेबलच्या आधी वजाचे चिन्ह येते आणि कमांड त्यालाच ‘--स्टेट’सारखा पर्याय समजते. म्हणून त्याआधी नुसत्या दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा द्यावी लागते.

आता शोधशब्दांविषयी, कारण माझ्या मते खरी मेहनत येथेच आहे. आपण ‘मराठी’ हा शब्द शोधला असेल, तर फारसे काही हाती लागणार नाही. टर्मिनल मजकूर समान रुंदीच्या चौकटींत मांडतो, तर देवनागरीत ‘क्षि’सारखे एकच दृश्य अक्षर अनेक युनिकोड चिन्हांचे बनलेले असते, ती चिन्हे एकत्र न मोजता सुटी मोजली की मात्रा बाजूला पडते. हीच अडचण हिंदी, नेपाळी, बंगाली आणि तमिळ लिहिणाऱ्यांनाही येते, आणि प्रत्येकाने ती आपापल्या भाषेच्या नावाने कळवलेली असते. म्हणून ‘देवनागरी’, ‘हिंदी’, ‘इंडिक’, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’, ‘कंबायनिंग’ आणि ‘ग्राफीम’ हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने एकेक करून शोधावेत. सारे एकाच वेळी दिले, तर ते सर्व ज्यात आहेत असेच इश्यू येतील.

जवळचा इश्यू सापडला की ‘जीएच इश्यू व्ह्यू’, त्याचा क्रमांक आणि ‘--कॉमेंट्स’ असे लिहावे. हा शेवटचा शब्द गाळू नये, कारण तो नसल्यास मूळ मजकूर आणि फक्त शेवटची प्रतिक्रिया दिसते, आणि मुख्य इश्यूचा दुवा किंवा तात्पुरता उपाय अनेकदा मधल्या प्रतिक्रियांत असतो. मुख्य इश्यू उघडा असेल, तर आपली आवृत्ती, फॉन्ट आणि दोष दाखवणारा नेमका मराठी शब्द तेथेच नोंदवावा. मेंटेनरांपैकी अनेक जण देवनागरी वाचू शकत नाहीत. त्यांना अपेक्षित रूप आणि दिसणारे रूप यांची चित्रे शेजारी शेजारी दिल्यास फार मदत होते.

प्रश्न : हीच कमांड लिबरऑफिस, केडीई किंवा डेबियन या मुक्तस्रोत प्रकल्पांच्या इश्यूंसाठी चालेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. ‘जीएच’ केवळ गिटहबसाठी आहे. लिबरऑफिस आणि केडीई यांचे दोष बगझिला या दोषनोंदणीच्या प्रणालीवर नोंदले जातात. केडीईचा कोड गिटलॅब या गिटहबसारख्या प्रणालीवर असला तरी दोषांची नोंद बगझिलावरच होते, हे ध्यानात ठेवावे. बगझिलासाठी ‘पायथन-बगझिला’ या पॅकेजमधील ‘बगझिला क्वेरी’ ही कमांड वापरता येते, तर गिटलॅबवरील इश्यूंसाठी ‘जीलॅब’ हे साधन आहे. डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ पॅकेजसोबत ‘क्वेरीबीटीएस’ मिळते. तिच्यापुढे पॅकेजचे नाव लिहिले की त्यावरील नोंदलेले दोष दिसतात.