डायव्हिंगच्या टाक्यांसाठी कॉम्प्रेसर घेताना

प्रश्न : आम्ही कोथरूडचे पाच मित्र स्कूबा डायव्हिंग करतो. हंगामात तीन-चार वेळा मालवण-तारकर्लीला जाणे होते आणि पुण्यात महिन्यातून दोनदा तरणतलावात सराव असतो. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या चार टाक्या आहेत व त्या भरून आणण्यातच अर्धा दिवस जातो, म्हणून सामाईक खर्चाने पोर्टेबल कॉम्प्रेसर घेण्याचा विचार आहे. एअरगनसाठीचे ३०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाचे छोटे कॉम्प्रेसर ऑनलाइन काही हजारांत मिळतात, तर डायव्हिंगसाठीच्या यंत्रांच्या किमती लाखांत आहेत. हा फरक कशाचा? आणि यंत्र विजेवरचे घ्यावे की पेट्रोलवरचे?

– एक वाचक, कोथरूड

उत्तर : फरक दाबाचा नाही, हवेचा आहे. एअरगनमधली हवा छऱ्यामागे जाते. आपल्या टाकीतली हवा आपल्या छातीत जाणार आहे, आणि तीही पाण्याखालच्या वाढलेल्या दाबाने. तीस मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे टाकीतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १० इतके असले, तरी शरीरावर होणारा परिणाम जमिनीवरच्या ४० भागांसारखा असतो. श्वसनाच्या हवेसाठीचे ‘ईएन १२०२१’ हे युरोपीय मानक या वायूला दशलक्ष भागांत ५ आणि तेलाला एका घनमीटरमागे अर्धा मिलिग्रॅम एवढीच मुभा देते. झडप किंचित उघडून हवेचा वास घेणे किंवा तिच्यापुढे पांढरा रुमाल धरणे ही पद्धत अनेक जण वापरतात. तिने तेल कळते; कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. एअरगनच्या स्वस्त यंत्राला असते ती कापसाची किंवा फार तर कोळशाची लहानशी गाळणी, आणि ती या कामाची नाही. शिवाय ते यंत्र जेमतेम अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी केलेले असते, तर आपल्या टाकीची पाण्याच्या मापाने धारकता ११ लिटर धरली, तर २०७ बारला तिच्यात साधारण २,२५० लिटर हवा मावते. तेव्हा हा पर्याय आपण मनातून काढूनच टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डायव्हिंगचा पोर्टेबल कॉम्प्रेसर हवा सहसा तीन टप्प्यांत दाबतो, दर टप्प्यानंतर ती थंड करतो, सुटलेले पाणी व तेल वेगळे काढतो आणि मग ती फिल्टरच्या कार्ट्रिजमधून सोडतो. अशा यंत्राची क्षमता बहुधा मिनिटाला १०० लिटर आणि वजन चाळीस किलोच्या पुढे असते, म्हणजे ‘पोर्टेबल’ याचा अर्थ दोघांनी उचलण्याजोगा एवढाच घ्यावा. हिशेबाने एका टाकीला साडेबावीस मिनिटे लागतात. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने इथली हवा पाच-सहा टक्के विरळ आहे, म्हणून चोवीस मिनिटे धरा. चार टाक्या, मधली उघडझाप आणि पाणी काढणे मिळून दोन तास सहज जातात.

पाणी काढण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण यंत्र विकणारे याबद्दल फारसे बोलत नाहीत. जुलैमधल्या पुण्याच्या दमट दिवशी २५ अंश तापमानाला एका टाकीपुरत्या हवेत सुमारे ४५ ग्रॅम पाणी असते. हवा दाबली की त्यातले बहुतेक पाणी यंत्रातच सुटते, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी ड्रेनचा नॉब सैल केल्यावर तेल मिसळलेले, ताकासारखे पांढरट पाणी फसकन बाहेर येते. हे काम चुकले की ते पाणी पुढे सरकते आणि कार्ट्रिजमधली ओलावा शोषणारी खडी भिजून निकामी होते. कार्ट्रिजचे आयुष्य तापमानावरही अवलंबून असते : हवा ४० अंशांवर असताना ती २० अंशांच्या तिप्पट बाष्प धरून ठेवते, आणि ते सगळे कार्ट्रिजच्या वाट्याला येते. म्हणून उत्पादकाने दिलेले तास थंड हवेचे आहेत की आपल्याकडच्या उन्हाळ्याचे, हे विक्रेत्याला अवश्य विचारा. कार्ट्रिजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर करणारा थर आहे का, ठरावीक दाब होईपर्यंत हवा अडवून धरणारी झडप आहे का आणि सुटी कार्ट्रिजे भारतात मिळतात का, हेही विचारावे. या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरे मिळाली, तर यंत्र कितीही चकचकीत असो, ते घेऊ नये.

पुण्यात वापरायचे असेल तर विजेवरचेच घ्यावे. त्याची साधारण २.२ किलोवॉटची मोटर चालू असताना तेरा-चौदा अँपिअर वीज घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्डावर ती न चालवता वायरमनकडून स्वतंत्र जाड लाइन घ्यावी. यंत्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र ठेवू नये, कारण मोटारींचा आणि जनरेटरचा धूर तेही तितक्याच निमूटपणे ओढून घेते. पेट्रोलचे यंत्र जिथे वीज नाही तिथेच शोभते. त्यातही हवा घेणारी नळी उंच आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बांधावी लागते, आणि किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून येणारा वारा रात्री उलटा फिरतो, हे लक्षात ठेवून नळीही फिरवावी लागते.

आता माझे स्पष्ट मत. भारतात दाबाखालचा वायू सिलिंडरमध्ये भरण्याला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि ते राबवणाऱ्या ‘पेसो’चे (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) मुख्यालय नागपूरला आहे, तिच्याकडे आपल्या वापराला कोणता परवाना लागेल याची लेखी विचारणा पैसे भरण्यापूर्वी करावी. पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले की आत गंज धरतो, म्हणून ते अधूनमधून चालवावेच लागते. पाच जणांपैकी एकाने तासांची वही ठेवण्याची, तेल व कार्ट्रिज वेळेवर बदलण्याची आणि हवेची तपासणी करून घेण्याची जबाबदारी नावानिशी घेतली, तरच खरेदी करा. तसे कोणी पुढे येत नसेल, तर तेच पैसे आणखी चार टाक्यांवर खर्च करावेत आणि आठही एकाच खेपेत भरून आणाव्यात. तलावातल्या उथळ सरावाला हवा कमी लागते, त्यामुळे तेवढ्यांत आपले दोन-तीन महिने निघतील.

प्रश्न : रात्री २०० बारपर्यंत भरलेली टाकी सकाळी १८३ दाखवते. टाकी गळते का?

– एक वाचक, पिंपरी

उत्तर : बहुधा नाही. भरताना हवा तापते. टाकीतली हवा ५५ अंशांवर असताना २०० बार दिसले असतील आणि सकाळी ती २७ अंशांवर आली असेल, तर हिशेबाने १८३ बारच उरतात. खात्रीसाठी झडपेवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा आणि आणखी एक दिवस थांबून पुन्हा दाब मोजा. पुढच्या वेळी सावकाश भरा व टाकी निवल्यावर उरलेला दाब द्या. उतार भरून काढण्यासाठी आधीच २२० बारपर्यंत नेऊ नका. टाकीचा नेमून दिलेला दाब आणि शेवटच्या जलदाब चाचणीची तारीख तिच्या खांद्यावर कोरलेली असते. ती चाचणी मुदतीबाहेर गेली असेल, तर टाकी भरायलाच नेऊ नये.