डावे आटे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सुपरवायझर झालास, पेढे पोचले. परवा मकरपुऱ्याला तुझ्याकडे डोकावलो, तेव्हा कामगारांशी बोलताना तुझा आवाज काही ऐकू येईना. साहेबांची लकब, साहेबांचंच खाकरणं, मध्येच इंग्रजी. दांडिया बाजारात गुजराती मिसळलेलं मराठी बोलत वाढलेला मुलगा कुठे गेला? लोक हे सोंग दोन दिवसांत ओळखतात बरं.

मीही केलंय ते. पहिल्या नोकरीत एका ड्रॉइंगवर आट्यांच्या मापापुढे 'एल.एच.' लिहिलेलं होतं. म्हणजे डावे आटे, नेहमीच्या उलट दिशेने फिरणारे. मला ते ठाऊक नव्हतं. लेथ चालवणाऱ्या म्हाताऱ्या टर्नरने विचारलं, "साहेब, आ डाबा आंटा छे?" मी ऐटीत म्हटलं, "नेहमीसारखेच करा." त्याने पुन्हा विचारलं, मी घड्याळाकडे बघितलं. चाळीस नग भंगारात गेले. संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणालो, ड्रॉइंग मला वाचता आलं नाही, चूक माझी. बोलताना कान तापले होते. पण पुढच्या लॉटपासून पहिला नग उतरला की तो टर्नर मला लेथवर बोलवायचा आणि आटे तपासायचं गेज स्वतः न लावता माझ्या हातात द्यायचा.

आपले सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक आले ते बारा वर्षांचे, शिक्षण जवळजवळ नाहीच. ते झाकत बसले नाहीत, शिकायला बसले. पुढे सक्तीचं शिक्षण आणलं तेही आधी १८९३ मध्ये अमरेलीकडच्या काही गावांत करून पाहिलं. राज्यभर लागू केलं १९०६ मध्ये. हुकूम काढायला राजाला तेरा वर्षं लागत नाहीत. मला तर त्यांच्या राजवाड्यापेक्षा हे थांबणं मोठं वाटतं.

आता याचा उलटा अर्थ काढू नकोस. "मी असाच आहे" म्हणत कुणावरही खेकसणं हा खरेपणा नाही, तो माज. ऑर्डर अडकली तर तुझी घालमेल त्यांच्यापुढे ओतू नकोस, आणि "सगळं ठीक आहे" असंही म्हणू नकोस. तारीख पुढे गेलीय, ओव्हरटाइमचं शुक्रवारी सांगतो, एवढंच म्हण. शुक्रवारी मात्र सांग, नकार असला तरी.

रविवारी ये, सेव-उसळ खाऊ. फोनवर म्हणालास ते ड्रॉइंगही आण. मला कळेलच असं नाही, पण तो टर्नर अजून वाडीत राहतो. दोघं जाऊन विचारू.

तुझा,
काका