सायकल : प्रश्न आणि उत्तरे – पुढे एकच चेनरिंग ठेवावी का?

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो आणि गेली सहा वर्षे रोड बाइक चालवतो. तिला पुढे ५०-३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (पेडलांपाशी असलेली दातेरी चक्रे) आणि मागच्या चाकाला ११-३२ ची, म्हणजे सर्वांत लहान चक्र ११ आणि सर्वांत मोठे ३२ दात्यांचे असलेली, अकरा चक्रांची कॅसेट आहे. शिफ्टर (गिअर बदलण्याचे खटके), क्रँक (पेडल आणि चेनरिंग ज्याला बसतात तो भाग) आणि डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे भाग) शिमानो कंपनीच्या १०५ मालिकेचे, केबलवर चालणारे आहेत. यवतेश्वरच्या घाटाला लागताना मोठ्या रिंगवरून लहान रिंगवर येण्यास चेन कुरकुर करते आणि दोनदा ती आतल्या बाजूला पडून फ्रेमला ओरखडे उठले. मित्रांचे म्हणणे असे की, पुढची एकच रिंग ठेवली की कटकटच संपेल. दर रविवारी कासपर्यंत जाणे आणि वर्षातून एक-दोन २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सफरी), एवढे माझे सायकलिंग आहे. हा बदल करावा का? केल्यास काय काय बदलावे लागेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण जो त्रास लिहिला आहे तो दोन रिंगांमुळे होणारा नाही, तो बिघडलेल्या जुळणीमुळे होणारा आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. लहान रिंगवर येताना चेन अडखळते ती बहुतेक वेळा पुढच्या डिरेलरच्या केबलमध्ये चिखल आणि गंज साचल्याने, आणि आत पडते ती डिरेलरची आतली मर्यादा ठरवणारा स्क्रू सैल राहिल्याने. चेन पुढे लहान रिंगवर आणि मागे सर्वांत मोठ्या चक्रावर ठेवावी आणि चेन ज्यातून जाते त्या डिरेलरच्या पिंजऱ्याची आतली पट्टी व चेन यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर फट राहील इतका तो स्क्रू फिरवावा. केबल आणि तिचे बाहेरचे आवरण नवे घालावे, आणि चढ अंगावर येण्याआधीच, पायांचा जोर क्षणभर कमी करून गिअर बदलावा. एवढ्या किरकोळ खर्चात आपली तक्रार मिटण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून सुटे भाग मागवण्यापूर्वी हे जरूर करून पाहावे.

त्यानंतरही एकाच रिंगचा साधेपणा हवासा वाटत असेल, तर मात्र हिशेब मांडून निर्णय घ्यावा. गिअर किती जड किंवा हलका हे पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून कळते. आपल्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर ३४ भागिले ३२, म्हणजे सुमारे १.०६ आहे आणि सर्वांत जड ५० भागिले ११, म्हणजे ४.५५ आहे. पुढे ४२ ची एकच रिंग आणि मागे ११-४२ ची कॅसेट बसवली, तर ही दोन टोके १.०० आणि ३.८२ होतात. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर घाटात मिनिटाला पेडलचे ६० फेरे मारताना आज आपण सर्वांत हलक्या गिअरवर ताशी ८ किलोमीटरने चढता. नव्या जुळणीत तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसात किलोमीटरने चढाल, म्हणजे गुडघ्यांना थोडा आरामच मिळेल. उतारावर ९० फेऱ्यांना आज ताशी ५१ किलोमीटरचा वेग मिळतो, तो ४३ वर येईल. कासहून खाली येताना त्या वेगाच्या पुढे पेडल मारण्याची गरज नसते आणि वळणांवर ते करूही नये, त्यामुळे या टोकाला जे जाते त्याचे दुःख आपल्याला होणार नाही, असे मला वाटते.

खरे नुकसान टोकांना होत नाही, ते मधल्या पायऱ्यांत होते, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आपल्या आजच्या कॅसेटमध्ये ११, १२, १३, १४ असे एकेका दात्याच्या फरकाने चढत जाणारे गिअर आहेत. शिमानोच्या अकरा चक्रांच्या ११-४२ कॅसेटमध्ये ते ११, १३, १५, १७ असे जातात. समजा, महामार्गावर आपण १५ दात्यांच्या चक्रावर ९० फेऱ्यांनी निवांत चालला आहात आणि वारा पाठीमागून आला म्हणून १३ वर टाकलेत, तर त्याच वेगाला फेरे एकदम ७८ वर येतात. आज १४ वरून १३ वर जाताना ते ९० वरून साधारण ८४ वर येतात. कासच्या रस्त्यावर चढ-उतार सतत बदलत असल्याने हा फरक जाणवणार नाही. परंतु साडेतेरा तासांची मुदत असलेल्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, सपाट रस्त्यावर एका लयीत तासन् तास चालताना, हवा असलेला गिअर दोन पायऱ्यांच्या मधे कुठेतरी हरवला आहे असे पायांना वारंवार वाटते. मी स्वतः एकाच रिंगच्या सायकलीवर लांबचे अंतर कापले आहे, आणि शेवटच्या पन्नास किलोमीटरांत मला याचाच थकवा सर्वांत जास्त आला.

म्हणून एक बिनखर्चाची चाचणी सुचवतो. एक पूर्ण रविवार पुढची लहान, ३४ ची रिंग सोडायची नाही, असे ठरवून सायकल चालवावी. या रिंगवर ९० फेऱ्यांना ताशी ३५ किलोमीटरपर्यंतचा वेग मिळतो. कोणत्या जागी जड गिअर कमी पडला आणि दिवसभरात डावा शिफ्टर दाबण्यासाठी बोट किती वेळा आपोआप पुढे गेले, हे घरी आल्यावर वहीत लिहून ठेवावे. बोट दोन-तीन वेळाच गेले असेल, तर एक रिंग आपल्यासाठी योग्य आहे.

आता सुट्या भागांविषयी. आपला मागचा डिरेलर ३४ दात्यांपर्यंतच्या चक्रासाठी केलेला आहे. हँगरला (मागचा डिरेलर फ्रेमला जिथे टांगलेला असतो त्या भागाला) जोडपट्टी लावून त्याला मोठी कॅसेट पेलायला लावणारे आहेत, पण मी तो मार्ग सुचवत नाही, कारण त्या डिरेलरमध्ये क्लच नसतो. क्लच म्हणजे पिंजऱ्याला पुढे झोके घेऊ न देणारी घर्षणाची योजना. तिच्यामुळे खड्ड्यांतही चेन ताणलेली राहते. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेतील आरएक्स८१२ हा डिरेलर खास एका रिंगसाठीच केलेला असून तो ४२ दात्यांपर्यंत चालतो आणि आपल्या आत्ताच्या अकरा गिअरच्या शिफ्टरशी जुळतो. त्यामुळे शिफ्टर बदलण्याचा मोठा खर्च वाचतो. डावा शिफ्टर केवळ ब्रेकसाठी तसाच राहू द्यावा. केबल काढल्यावर फ्रेमला पडलेले रिकामे भोक रबरी बुचाने बंद करावे, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत उतरते. वजन कमी होईल अशी आशा मात्र ठेवू नये, कारण पुढून जे उतरते ते मोठ्या कॅसेटमुळे मागे चढते.

कॅसेट घेताना एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ही ११-४२ कॅसेट माउंटन बाइकच्या मापाची असल्याने अकरा गिअरच्या रोड चाकाच्या हबवर तिच्या मागे १.८५ मिलिमीटर जाडीचा स्पेसर, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते. ती राहिली, तर लॉकरिंग (कॅसेट हबवर धरून ठेवणारे कडे) पूर्ण आवळूनही कॅसेट हाताने खुळखुळते.

चेनरिंग मात्र साधी नको, जाड-बारीक दात्यांचीच हवी. चेन उजेडात धरून पाहिली, तर तिच्या बाहेरच्या कड्यांमधली जागा रुंद आणि आतल्या कड्यांमधली अरुंद दिसते. या रिंगचे दाते त्याच क्रमाने एक जाड, एक बारीक असे कापलेले असतात आणि प्रत्येक दाता आपापल्या जागेत घट्ट बसतो. स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये माउंटन बाइकसाठी ही रचना बाजारात आणली आणि तेव्हापासून पुढच्या डिरेलरशिवाय चेन टिकवणे शक्य झाले. चेन चढवताना जाड दाता रुंद जागेतच येईल याची खात्री करावी, कारण एका दात्याची चूक झाली तरी चेन रिंगवर उचललेली राहते. आपल्या क्रँकला चार हात असून त्यांमधली अंतरे सारखी नाहीत, तेव्हा त्याच मापाची रिंग आणि तिच्यासोबतचेच बोल्ट घ्यावेत. रिंग फ्रेमच्या मध्यापासून ४३ ते ४५ मिलिमीटरवर येईल अशी निवडावी. माझ्या जुन्या पाच हातांच्या क्रँकवर मी रिंग बाहेरच्या बाजूने बसवली होती. घाटात सर्वांत मोठ्या चक्रावर असताना थांबून पेडल उलटे फिरवले, की चेन दोन चक्रे खाली उतरायची. तीच रिंग आतल्या बाजूला घेतल्यावर हा प्रकार थांबला.

चेन नवीच घ्यावी, जुनी आखूड पडेल. पुढची रिंग आणि मागचे सर्वांत मोठे चक्र यांभोवती, डिरेलरमधून न ओवता, चेन गुंडाळून जिथे टोके मिळतात त्याच्या पुढे दोन कड्या जास्त ठेवून तोडावी.

एवढे सगळे करूनही चेन कधीच पडणार नाही, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. २०२३ च्या जिरो द'इतालिया या इटलीतील अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीत मोंते लुसारीच्या चढावरील वेळचाचणीत प्रिमोझ रोग्लिच एकाच रिंगची सायकल चालवत होता आणि खडबडीत रस्त्यावर ऐन मोक्याला त्याची चेन पडली. त्याने ती हाताने चढवली, तो टप्पाही जिंकला आणि १४ सेकंदांनी शर्यतही जिंकली. पावसाळ्यातले आपले रस्ते पाहता, जुन्या पुढच्या डिरेलरच्या जागी बसणारे, चेनला रिंगवरून सरकू न देणारे छोटे चेन गाइड लावून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : माझ्या साध्या रोड बाइकला पुढे ५०-३४ आणि मागे नऊ चक्रांची ११-३२ कॅसेट आहे. ठाण्यात कामावर जाण्यायेण्यापुरतीच सायकल वापरतो, वाटेत चढ म्हणजे उड्डाणपूलच. मलाही मागचे सगळे बदलावे लागेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. आपण कॅसेट आणि मागचा डिरेलर तसेच ठेवून फक्त ४२ ची जाड-बारीक दात्यांची रिंग बसवावी. हलका गिअर १.३१ राहील आणि उड्डाणपुलाला तो पुरतो. रिंग आठ दात्यांनी लहान झाल्यामुळे चेनच्या चार कड्या कमी कराव्या लागतील. पुढचा डिरेलर काढून टाकू नये, त्याची केबल सोडवून दोन्ही मर्यादा-स्क्रूंनी त्याला रिंगच्या बरोबर वर जखडून ठेवावे, म्हणजे चेन गाइडचे काम तोच करील.

प्रश्न : ४० हलकी वाटते आणि ४२ जड. जाड-बारीक दात्यांची ४१ ची रिंग कुठे मिळेल?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मिळणार नाही. जाड आणि बारीक दाते एकाआड एक असल्याने त्यांची संख्या समच असावी लागते, विषम संख्येत कुठेतरी दोन जाड दाते शेजारी येतील आणि चेन तिथे बसणार नाही. आपण ४० घ्यावी. उतारावर थोडे थांबता येते, चढावर थांबले की पुन्हा निघणे कठीण जाते.