रेडिसचा परवाना बदलला. आता पैसे भरावे लागतील का, की व्हॅल्कीवर जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान कंपनी आहे, ग्राहकांच्या वेबसाइटसाठी सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद) आणि कॅश (पुन्हा काढता येणारा तात्पुरता डेटा) रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये, ठेवता. परवाना बदलल्यामुळे उद्या बिल येईल का? आणि व्हॅल्की, म्हणजे रेडिसच्याच जुन्या कोडवरून निघालेला पर्याय, तरी बड्या कंपन्यांच्याच हातात नाही का?

बिल येणार नाही. मार्च 2024 मध्ये रेडिस कंपनीने आवृत्ती 7.4 पासून बीएसडी हा मोकळा परवाना सोडून आरएसएएल आणि एसएसपीएल असे दोन पर्याय ठेवले. दोन्हींचा रोख रेडिस हीच सेवा म्हणून विकणाऱ्यांवर आहे. तुम्ही वेबसाइट विकता, रेडिस तिच्या पोटात चालतं, त्यामुळे तुम्ही त्यात येत नाही. मात्र ‘आमच्याकडे रेडिस भाड्याने मिळेल’ असं पॅकेज ग्राहकांना देत असाल, तर वकिलाला विचारल्याशिवाय 7.4 लावू नका. मे 2025 मध्ये आलेल्या रेडिस 8 ला एजीपीएलचा (बदललेला कोड उघड करायला लावणारा परवाना) तिसरा पर्यायही आहे; मूळ कोडला हात न लावता वापरलंत तर त्याचाही जाच नाही. 7.2.4 पर्यंतचा कोड बीएसडीखालीच आहे आणि राहील. दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. परवाना बदलल्यावर सुमारे आठवड्याभरात, 7.2.4 च्या कोडवरून, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की जाहीर झालं. मागे ऍमेझॉन, गुगल, ओरॅकल, एरिक्सन अशी नावं होती. म्हणजे मोठ्या कंपन्या आहेतच, आणि रोजचं बरंचसं काम त्यांच्या पगारावरचे लोक करतात. फरक ताबा किती हातांत विभागला आहे यात आहे. तांत्रिक समितीत एका कंपनीची माणसं एक तृतीयांशाहून जास्त असू नयेत असा नियम आहे, आणि नाव-चिन्ह कुठल्याही एका विक्रेत्याकडे नाही. रेडिसमध्ये नाव, निर्णय आणि विक्री एकाच कंपनीकडे होती, म्हणून एका घोषणेत परवाना बदलता आला. इलॅस्टिकसर्चचं 2021 मध्ये आणि टेराफॉर्मचं 2023 मध्ये हेच झालं होतं. माझ्या मते कुठलंही ओपन सोर्स निवडताना परवान्याच्या आधी ट्रेडमार्क कुणाचा आहे ते बघावं. मग गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) नोंदीतून गेल्या वर्षभरात कोड मंजूर करणारे लोक कुठल्या कुठल्या कंपन्यांचे आहेत ते मोजावं. सगळे एकाच कंपनीचे निघाले, तर आजचा परवाना कितीही उदार असो, पुढच्या आवृत्तीची हमी धरू नका.

आता बदलायचंच असेल तर. आधी ‘इन्फो सर्व्हर’ चालवून आवृत्ती बघा, कारण सगळं तिच्यावर ठरतं. 7.2 किंवा त्याआधीची असेल तर काम सोपं आहे. डेटाफाईलचा साचा तोच, पोर्ट 6379 तोच, तुमच्या प्रोग्रामातली रेडिस लायब्ररीही तशीच चालते. रेडिसचं जेसन किंवा सर्चचं मॉड्यूल (जोडभाग) वापरत असाल तर मात्र थांबा. ती नुसत्या व्हॅल्कीत नसतात, त्याची स्वतःची मॉड्यूल वेगळी लावून तपासावी लागतात.

डंप फाईल (डेटाची डिस्कवरची प्रत) उचलून नव्या जागी ठेवायची ही सरळ वाट वाटते, पण तिथे एक खड्डा आहे. नव्या सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘अपेंडओन्ली येस’ (प्रत्येक लिखाण वेगळ्या फाईलमध्ये नोंदवा) असेल तर तो डंपकडे बघतच नाही आणि रिकामा सुरू होतो. म्हणून पहिल्यांदा ते ‘नो’ ठेवून चालू करा, कीजची (साठवलेल्या नोंदींची) संख्या जुळली की चालू सर्व्हरवरच कॉन्फिग सेटने ‘येस’ करा.

वेबसाइट बंद ठेवायची नसेल तर व्हॅल्की 6380 वर उभं करा, जुन्या रेडिसचा पासवर्ड ‘मास्टरऑथ’मध्ये द्या आणि ‘रेप्लिकाऑफ’ने त्याला जोडा, म्हणजे व्हॅल्की त्याची सतत चालू प्रत (रेप्लिका) बनेल. ‘इन्फो रेप्लिकेशन’मध्ये जोडणी ‘अप’ दिसली पाहिजे. डेटा मोठा आणि लिखाण जोरात असेल तर ती पुन्हा पुन्हा तुटते आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होते. कारण रेप्लिकासाठीच्या आउटपुट बफरची (पाठवायचा डेटा साठतो ती जागा) मूळ मर्यादा 256 एमबी आहे, किंवा सलग 60 सेकंद 64 एमबीच्या वर. जुन्या रेडिसवर ती तात्पुरती वाढवा. त्याच वेळी मोकळी रॅमही बघा, कारण प्रत काढताना फोर्क होतो (प्रोग्रामची जुळी प्रत चालू होते) आणि मेमरीची बदलणारी पानं दुप्पट जागा खातात.

शेवटी काही सेकंद लिखाण थांबवा, दोन्हीकडचे ऑफसेट (डेटा कुठपर्यंत पोचला तो आकडा) सारखे झाले की ‘रेप्लिकाऑफ नो वन’ द्या आणि मगच प्रोग्रामचा पोर्ट बदला. उलट क्रमाने केलंत तर प्रत्येक लिखाणाला ‘रीडओन्ली’ची चूक येईल.

रेडिस 7.4 किंवा पुढची आवृत्ती आधीच लावली असेल तर वाट अवघड आहे. तिथे डेटाफाईलच्या साच्याचा क्रमांक 11 चा 12 झाला, आणि व्हॅल्की 8 मूळ सेटिंगवर ती फाईल नाकारतं. रेप्लिकेशनही तीच फाईल पाठवतं, त्यामुळे तेही अडतं. डंप-रिस्टोअर कमांडमध्येही तोच क्रमांक असतो. मग स्कॅनने एकेक की घेऊन, तिच्या प्रकारानुसार वाचून, ‘पीटीटीएल’ची उरलेली मुदत लावून पलीकडे लिहिणारी स्क्रिप्टच करावी लागते. तुमच्याकडे नुसती कॅश आणि सेशन असतील तर एवढा खटाटोप नको. रात्री रिकामं व्हॅल्की चालू करा. लोकांना एकदा पुन्हा लॉगिन करावं लागेल, आणि कॅश गरजेप्रमाणे परत भरेल.