बैलाला आवतन का देतात?

बेटा,

फोनवर तू विचारलंस, "बैलाला बोललेलं समजत नाही, मग आबाजी त्याला 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' असं का म्हणतात?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून मस्कतहून हे पत्र लिहितो आहे.

आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. ते खांदशेकणीला देतात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलाचा खांदा शेकून झाल्यावर. त्या वेळी आबाजींच्या हाताकडे बघ. मानेवर जिथं जू टेकतं तो बैलाचा खांदा. पेरणी झाली की कपाशीत, तुरीत तण काढणाऱ्या डवऱ्याचे फेर सुरू होतात आणि श्रावण संपेपर्यंत ती जागा घासून घासून जाड होते. कातडं पावसात भिजलेलं असलं तर लवकर सोलतं. जोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला, तर जू तिरपं बसून जास्तच त्रास देतं.

नाल्यावरून धुऊन आणलेला बैल आधी कोरडा होऊ द्यायचा. वाटीभर तुपात चमचाभर हळद घालून कोमट करायची, पळसाचं पान त्यात बुडवायचं आणि खांद्यावर दाबून धरायचं. घासायचं मात्र नाही. त्याआधी तुपाचा थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचा. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसेल. शेकता शेकता बोटं सूज शोधतात, गरम लागणारी जागा शोधतात, ओली जखम शोधतात. दुखरी जागा दाबली गेली की बैल मान काढून घेतो. पू दिसला तर हळद-तुपावर भागत नाही. जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं आणि जखम पूर्ण भरेपर्यंत त्या मानेवर जू ठेवायचं नाही.

हे सगळं झाल्यावर आवतन. ते शब्द घरातले सगळे ऐकतात. एकदा आवतन दिलं की तो पाहुणा झाला, आणि पाहुण्याला कोणी जुंपत नाही, तुतारी, म्हणजे हाकायची टोकदार काठी, टोचत नाही, त्याच्या आधी जेवायलाही बसत नाही. बैलाला समजलं नाही तरी चालेल, आपल्याला समजलं पाहिजे.

आजीला पुरणासाठी मदत कर. एक किलो चण्याची डाळ असेल तर गूळ पाऊण ते एक किलो. डाळ बोटांत चिरडेपर्यंत शिजू दे, मगच गूळ. घाईनं आधी टाकला तर डाळ कडकच राहते. पाणी पुरतं निथळून घ्या, त्याची आमटी होते. गूळ घातला की पुरण पातळ होणारच, घाबरायचं नाही. कढईत सराटा उभा राहीपर्यंत आटवायचं आणि गरम असतानाच वाटायचं. पाणी राहिलं तर पोळी तव्यावर फाटते.

बैलाला घरी दोनच पोळ्या, त्याही आधी पेंडीभर हिरवा चारा खाऊ घालून. गावातल्या ज्या तोरणाखाली सगळे बैल उभे करतात, ते तोरण सुटल्यावर तो दारोदार फिरतो आणि प्रत्येक घरी घास मिळतो, हे लक्षात ठेव. गोड आणि धान्य एकदम जास्त गेलं की पोटात आंबतं, डावी कूस ढोलासारखी फुगते, श्वास कोंडतो. लाडापायी जनावर दगावतं. नैवेद्य पळसाच्या पानावर दे. पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, जवळ नकोच, गोड लागलेली पन्नीही तो गिळतो. रंग शिंगांनाच लाव, अंग तो चाटतो.

तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, ऐकायला उभा राहा, पण बैलाच्या मागं नाही. डफडी आणि फटाक्यांनी तो बिचकतो आणि पाय मागंच नाही, बाजूलाही मारतो. कासरा धरणाऱ्याजवळ, बैलाला दिसशील असा थांब.

आपल्या गड्याचं ताट बैलाच्या नैवेद्याबरोबरच वाढलं गेलं पाहिजे, आपल्या पंगतीनंतर नाही. वर्षभर बैलामागं तोच चालतो. त्याचे नवे कपडे आणि बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, तुझ्या हातानं दे, दोन्ही हातांनी, आणि त्याला 'काका' म्हण.

दुसऱ्या दिवशी तुझा तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी लेकरांसाठी १८०६ साली तो सुरू केला, असं नागपुरात सांगतात. आबाजी माळ्यावरून लाकडी बैल काढतील. चाकांच्या आसाला आधी गोडेतेलाचे दोन थेंब सोड, वर्षभर पडून तो गच्च होतो. आणि दोरी त्याच्या नाकाला बांधू नकोस, खालच्या पाटीच्या कडीला बांध.

तुझा,
बाबा