ट्यूबलेस सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवाच जात नाही. दुकानदार ‘परत ट्यूब टाका’ म्हणतो. काय करू?

ट्यूब टाकायची गरज नाही. तुमचा टायर आणि रिम बहुधा ठणठणीत आहेत. अडकलाय तो व्हॉल्व्हच्या आतला कोअर, म्हणजे हवा आत घेणारा, सुटा निघणारा छोटा भाग. सीलंटमधलं, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये ओतलेल्या द्रवातलं, लॅटेक्स तिथे वाळून रबर होतं आणि वाट बुजते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट लवकर आटतं, त्यामुळे हे दुखणं आपल्याकडे उन्हाळ्यात जास्त दिसतं.

व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर थांबा, म्हणजे सीलंट खाली उतरेल. टोकाचा छोटा नट सैल करून आधी हवा सोडा. भरल्या टायरचा कोअर उघडलात तर तो उडून जाईल. मग कोअरच्या पान्याने तो काढा. टायर रिकामा असताना चाकावर भार देऊ नका, कड रिमपासून सुटली तर काम वाढतं. कोअरवरचं लॅटेक्स कोमट पाण्यात भिजवून नखाने सोलून काढा. निघत नसेल तर नवा कोअर घाला, तो स्वस्त असतो. व्हॉल्व्हच्या नळीत प्लास्टिकचा केबल टाय फिरवा, तार नको. बसवताना कोअर पान्यानेच आवळा. सैल राहिला तर आट्यांवर बसणारा पंप काढताना तोही सोबत निघून येतो.

एवढं करूनही हवा उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बघा. टोकातून बुडबुडे आले तर दोष कोअरचा. बुडाशी, रिमच्या भोकातून आले तर मात्र लगेच व्हॉल्व्हला दोष देऊ नका. रिमच्या आतली स्पोकची भोकं झाकणारी टेप दुसरीकडे कुठेतरी सुटली असेल तर तिच्याखाली शिरलेली हवा रिमच्या पोकळीतून फिरून व्हॉल्व्हच्या भोकातूनही बाहेर पडते. अशा वेळी व्हॉल्व्ह कितीही बदला, गळती तशीच राहते. म्हणून स्पोकच्या मुळाशीही पाणी लावा. तिथेही फेस आला तर टेप नव्याने लावावी लागेल.

व्हॉल्व्ह रिमला धरून ठेवणारा बाहेरचा गोल नट हातानेच आवळा. पक्कड लावली की आतलं रबर दबून फाटतं. शिवाय त्र्यंबक रोडला अंजनेरीजवळ टायर कापला गेला आणि ट्यूब टाकायची वेळ आली, तर हा व्हॉल्व्ह काढायला तो नट रस्त्यावर हाताने सुटला पाहिजे. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या ट्यूबलेसवाल्याला आवर्जून सांगतो.

रोजची सवय एकच ठेवा: सायकल उभी करताना व्हॉल्व्ह वरच्या अर्ध्यात असू द्या. हवा भरण्याआधी छोटा नट उघडून टोक एकदा हलकेच दाबा, चिकटलेलं असेल तर सुटतं. दर दोन महिन्यांनी सीलंट शिल्लक आहे का ते बघा. सीटखालच्या पिशवीत एक जादा कोअर आणि पाना कायम ठेवा.